पिशव्या सांभाळणारी आजी आणि अंधारातला गोल्फ



दिवाळीची सुट्टी लागली की दोन दिवस फराळ, दोन दिवस पाहुणे, आणि पाचव्या दिवशी घराघरात तोच प्रश्न : आता मुलांना घेऊन जायचे कुठे? फटाके आपण आणत नाही. एका माळेत किती जीव जातात हे मुलांना समजावून सांगितले आहे आणि त्यांना ते पटलेही आहे. पण फटाके नाहीत म्हटल्यावर त्या जागी काय, हे सांगायची जबाबदारी आपल्यावर येते. नुसते 'नाही' सांगून घर चालत नाही.

या वर्षी आमच्या घरी उत्तर आले ते अंधारातल्या गोल्फचे. सुनेने मोबाइलवर बघितले, नातवंडांनी उचलून धरले, आणि आम्ही सगळे जाऊन आलो. त्यानंतर मंदिरात भेटणाऱ्या दोघीतिघींनी विचारले, "काय हो, जैनांनी अशा ठिकाणी जावे का?" प्रश्न चांगला आहे. उभ्या उभ्या देता येईल असे त्याचे उत्तर नाही, म्हणून इथे लिहिते.

माझे मत आधीच सांगून टाकते. पैसे देऊन करमणूक करायच्या ज्या जागा आज आहेत, त्यांत हा छोटा गोल्फ आपल्यासारख्या घराला वर्षातून एखाद्या वेळी, काही अटींवर, चालण्यासारखा आहे. खेळ फार थोर आहे असे माझे म्हणणे नाही. तिथे घरातल्या कोणालाही पिशव्या सांभाळत बसावे लागत नाही, एवढेच माझे कारण आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. मॉलमध्ये एक मोठी खोली असते, खिडक्या नसलेली. भिंती काळ्या, त्यावर समुद्र, जंगल, ग्रह-तारे असली चित्रे, आणि ती चित्रे अंधारात निळी-हिरवी-केशरी झळकत असतात. जमिनीवर सतरंजीसारखे नकली गवत आणि त्याच्या वेगवेगळ्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या शेवटी एक खळगा. हातात एक काठी आणि एक चेंडू देतात. वाटेत चढ, बोगदा, वळण, फिरते चाक असे अडथळे. कमीत कमी टोल्यांत चेंडू खळग्यात घालायचा. अशा नऊ किंवा अठरा पट्ट्या पार केल्या की खेळ संपला. लहानपणी आपल्या भावांना गोट्या खेळताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजायला दोन मिनिटे पुरतात. त्यांची ती 'गल', इथले ते 'होल'. फरक एवढाच की गोट्या फुकट होत्या.

आता पिशव्यांविषयी. कुठल्याही सहलीत एक माणूस असा असतो की जो बाकड्यावर बसतो. त्याच्या मांडीवर सगळ्यांचे मोबाइल, पायाशी चपला, बाजूला ओले टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या. तो माणूस बहुतेक वेळा घरातली आजी असते. आपल्या भागातून शिरसाड-पारोळच्या बाजूला वॉटर पार्क आहे. उन्हाळ्यात फुलपाड्यातून गाड्या भरून लोक तिकडे जातात. मजा येते यात शंका नाही. पण साठी ओलांडलेली बाई तिथे काय करणार? तिकीट तिचेही लागते आणि दिवस जातो राखणीत. अर्नाळ्याला समुद्रावर गेलो तरी तेच. किल्ल्यावर गेलो तर गुडघे दुसऱ्या वळणावरच थांबतात. मोठ्या पाळण्यांच्या पार्कात तर पाटीच लावलेली असते की रक्तदाब, हृदयविकार, पाठदुखी असणाऱ्यांनी बसू नये. म्हणजे आमच्या पिढीतले जवळजवळ सगळेच बाहेर.

आपल्या घरांत याला आणखी एक पदर आहे. जिचा नियम असतो तीही बाकड्यावर बसते. आज अष्टमी आहे, आज उपास आहे, आज चतुर्दशी आहे, मी कंदमूळ घेत नाही, मी सूर्यास्तानंतर खात नाही, मी न गाळलेले पाणी पीत नाही. सहलीत प्रत्येक वेळी हे 'मी नाही' म्हणणारे माणूस हळूहळू कडेला सरकते. मुले हे बघत असतात. बोलत काही नाहीत, पण त्यांच्या मनात एक समीकरण बसत जाते : धर्म पाळणारे माणूस म्हणजे मजेत भाग न घेणारे माणूस. माझ्या नातवाने एकदा सहज विचारले होते, "आजी, मोठे झाल्यावर नियम घेतला की खेळायचे बंद होते का?" त्याला चेष्टा करायची नव्हती. त्याने जे पाहिले त्यावरून काढलेला तो निष्कर्ष होता. हा निष्कर्ष मला मॉलच्या तिकिटापेक्षा फार महाग वाटतो.

म्हणून सहलीची जागा ठरवताना मी एक कसोटी लावते. घरातले सगळ्यांत लहान, सगळ्यांत म्हातारे आणि सगळ्यांत कडक नियमाचे, ही तिन्ही माणसे तिथे भाग घेऊ शकतात का? छोट्या गोल्फला ताकद लागत नाही. जोरात मारले तर उलट चेंडू पट्टीबाहेर जातो. पाण्याचा अपव्यय नाही, प्राण्यांना पिंजऱ्यात बघणे नाही, कोणाला मारण्याचा खेळ नाही. पडद्यावर बंदुका चालवण्याचे जे खेळ शेजारच्याच खोलीत असतात, त्यांच्या तुलनेत हा फारच निरुपद्रवी. आमच्या घरी ह्यांना सत्तरीला तीनच वर्षे कमी आहेत आणि नात सात वर्षांची आहे. दोघांचे टोले जवळजवळ सारखे पडले. आजोबा आणि नात बरोबरीने हरतात अशा जागा फार थोड्या असतात.

हा खेळ बायकांच्या वाटणीला कसा आला तेही मजेचे आहे. स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज हे गोल्फचे जुने गाव. तिथे १८६७ साली बायकांचा एक पटिंग क्लब निघाला. पटिंग म्हणजे काठी हलकेच फिरवून चेंडू खळग्यापर्यंत नेणे. त्या काळी बाईने काठी खांद्याच्या वर उचलून जोरात फटका मारणे अशोभनीय समजत, म्हणून त्यांना चढउतारांचे एक छोटे मैदान वेगळे दिले. ते मैदान आजही आहे आणि त्याला नाव आहे 'हिमालय'. मोठ्या मैदानातून बाजूला बसवलेल्या बायकांना जो तुकडा मिळाला, त्यातूनच पुढे लहानथोरांना खेळता येईल असा प्रकार वाढत गेला. अमेरिकेत टेनेसीजवळच्या लुकआउट माउंटनवर गार्नेट कार्टर नावाच्या हॉटेलवाल्याने १९२० नंतरच्या दशकात असेच छोटे मैदान केले, आणि त्याची परीकथेसारखी सजावट त्याच्या बायकोने, फ्रीडाने, केली असे सांगतात. १९३० च्या सुमारास तर न्यूयॉर्कमध्ये इमारतींच्या गच्च्यांवर हा खेळ चाले.

आपल्याकडे गोल्फ साहेबाबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा. आपल्या नाशिकमध्ये तर 'गोल्फ क्लब मैदान' सगळ्यांना माहीत आहे. तेच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. गोल्फ केव्हाच गेला, नाव राहिले, आणि आज तिथे क्रिकेटचे सामने होतात आणि लोक सकाळी चालायला जातात. मोठ्या गोल्फला एकरच्या एकर जमीन, रोज पाणी, गवतावर फवारणी लागते. त्याच्याशी आपले काही देणेघेणे नाही. छोट्या गोल्फमध्ये एक पानही कापावे लागत नाही.

आता पैशाचा हिशोब. बी.कॉम. झालेल्या बाईने तो टाळला तर चालणार नाही. प्रत्येक ठिकाणचे दर वेगळे, म्हणून समजा एका माणसाचे तिकीट ४०० रुपये. सहा माणसांचे २,४०० झाले. एक तास खेळ धरला तर घराला मिनिटाला ४० रुपये पडले. त्याच २,४०० रुपयांत सहा जणांनी अडीच तासांचा सिनेमा पाहिला तर मिनिटाला १६ रुपये. कागदावर सिनेमा स्वस्त आहे. आणखी एक गोष्ट : करमणुकीच्या पार्कांवरचा जीएसटी २०१८ च्या जानेवारीत २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तरी तो आहेच. ४०० रुपयांच्या तिकिटात १८ टक्के धरले तर जवळपास ६१ रुपये कराचे असतात. तेव्हा फोनवर दर विचारताना "कर धरून किती?" असेच विचारा, नाहीतर काउंटरवर आकडा बदलतो.

पण जमाखर्चाला दोन बाजू असतात. सिनेमाच्या १५० मिनिटांत सहा माणसे एकाच दिशेला तोंड करून गप्प बसतात. गोल्फच्या ६० मिनिटांत प्रत्येकाच्या हातात काठी असते ती साधारण दहाच मिनिटे. उरलेली ५० मिनिटे तो दुसऱ्याचा टोला बघत असतो. आधी मला वाटले, हा तर वेळेचा तोटा. नीट पाहिल्यावर लक्षात येते की पैसे त्या ५० मिनिटांचेच दिलेले असतात. मुलगा बापाला सांगतो, "थोडे डावीकडे धरा." सासरा सुनेच्या टोल्याला टाळी वाजवतो. एरवी ऑफिसच्या फोनमधून मान वर न काढणारा माणूस चेंडू बोगद्यातून बाहेर येतो की नाही हे वाकून बघतो. अंधारात फोटो धड येत नाहीत, त्यामुळे मोबाइल आपोआप खिशात जातात. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर जे नियम करून जमले नाही, ते तिथे तासभर जमले.

ती चित्रे अंधारात झळकतात कशी, हे मुलांनी विचारले तर उत्तर आपल्या न्हाणीघरात आहे. खोलीत जांभळट दिवे लावलेले असतात. त्यांतून निघणारा बराचसा प्रकाश अतिनील म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा. खास रंगांवर तो पडला की रंग तो शोषून घेतो आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतो. आपल्या आया पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल लावत, ते हेच काम करायचे. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कापड निळसर पांढरे चमकायचे. आजच्या धुण्याच्या पावडरीत असेच द्रव्य असते. म्हणून त्या खोलीत शिरल्यावर पांढरा सदरा एकदम ट्यूबलाइटसारखा पेटतो. बँकेत कॅशियर नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो, तेव्हा नोटेतले धागे आणि नंबर चमकतात, तेही याच तत्त्वाने. हळदसुद्धा या दिव्याखाली पिवळी-हिरवी चमकते. एवढे मुलांना सांगितले तरी तिकिटाचे थोडे पैसे वसूल.

आता खरी शंका. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत : पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. प्रमादचर्येत काय काय येते? उगीच जमीन खणणे, उगीच पाणी सांडणे, उगीच अग्नी पेटवणे, उगीच वारा घालणे, झाडपाला तोडणे. आणि त्याच यादीत पुढे, उगीच भटकणे आणि दुसऱ्याला भटकवणे. हे वाचले की पहिल्यांदा वाटते, संपले. सहल म्हणजे भटकणेच की. नातवंडांना नेणे म्हणजे भटकवणे.

पण त्या सगळ्या यादीचा जीव 'उगीच' या शब्दात आहे. आचार्य गृहस्थासाठी लिहीत होते. गृहस्थ जमीन खणणारच, पाणी वापरणारच, चूल पेटवणारच. प्रयोजनाशिवाय करू नका, एवढे ते बजावतात. म्हणून "गोल्फ चालतो का?" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. "कशासाठी चाललो आहोत?" असे विचारायला हवे. शेजाऱ्यांनी स्टेटस टाकले म्हणून, मुले घरात दंगा करतात म्हणून, मॉलमध्ये आलोच आहोत तर म्हणून जाणार असाल तर ते निखळ अनर्थदंड आहे, मग ती जागा गोल्फची असो की आणखी कशाची. तीन पिढ्यांनी एक तास एकमेकांबरोबर काढावा म्हणून ठरवून, वेळ मोजून, खर्च मोजून जात असाल तर तिथे प्रयोजन आहे. त्यानेही दोष शून्य होत नाही, हे मी मान्य करते. दिवे आहेत, एसी आहे, प्रवास आहे. विजेला अग्निकाय मानावे की नाही यावर आपल्याकडे मतभेद आहेत, त्यात मी शिरत नाही. कमी दोषाचे निवडणे आणि त्यालाही मर्यादा घालणे, भोगोपभोग-परिमाण म्हणजे गृहस्थापुरते हेच. म्हणून 'वर्षातून एकदा' हा शब्द माझ्या मतात महत्त्वाचा आहे. तोच खेळ दर महिन्याला झाला तर माझे मत बदलेल.

दुसरी शंका अंधाराची. आपण चार हात पुढची जमीन बघून चालावे असे शिकलो. रात्री जेवत नाही, त्यामागे सूक्ष्म जीव दिसत नाहीत हे एक मोठे कारण. मग दिवसाढवळ्या मुद्दाम अंधार करून त्यात चालायचे? ही शंका मला सगळ्यांत वजनदार वाटते. तिथे बंद, पुसलेली, वातानुकूलित खोली असते, त्यामुळे किडामुंगी जवळजवळ नसते, हे खरे. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मिठाईच्या दुकानात भिंतीवर जो जांभळा दिवा लावतात आणि ज्यावर माश्या-चिलटे येऊन मरतात, तो याच जातीचा प्रकाश. कीटकांना अतिनील प्रकाश दिसतो आणि ते त्याकडे ओढले जातात. म्हणून उघड्यावर, बागेत किंवा गच्चीत, संध्याकाळी असे दिवे लावून खेळ मांडला असेल तर तिथे आपण जाऊ नये आणि घरच्या वाढदिवसाला तसे दिवे आणूही नयेत. बंद खोली आणि उघडी बाग यांतला हा फरक मुलांना समजावून सांगितला तर त्यांना तो बरोबर कळतो. माझ्या नातीने मिठाईच्या दुकानातला दिवा स्वतःहून ओळखला. 'नाही' च्या मागचे कारण मुलाला एकदा दिसले की ते 'नाही' त्याचे स्वतःचे होते.

तिसरी शंका हारजितीची. कागदावर टोले लिहायचे असतात, आणि आकडा आला की मान कषाय आलाच. चिडणे, रुसणे, "तू मोजण्यात घोळ केलास" असे म्हणणे हे सगळे होते. त्यावर मला आठवतात भरत आणि बाहुबली. दोघांचे सैन्य समोरासमोर आले तेव्हा मंत्र्यांनी विचार केला की भावाभावांच्या भांडणात हजारोंनी का मरावे? म्हणून आदिपुराणात तीन स्पर्धा ठरल्या : दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. तिन्ही बाहुबली जिंकला, आणि जिंकणाऱ्यानेच सगळे सोडले. संघर्षाला स्पर्धेचे रूप देऊन हिंसा टाळता येते आणि जिंकूनही जिंकणे सोडता येते, या दोन्ही गोष्टी आपल्या पुराणात एकाच कथेत आहेत. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाजवळ आदिनाथ, भरत आणि बाहुबली यांची त्रिमूर्ती आहे, आपल्याला विरारहून ती वाटेवरच पडते. मुलांना ती दाखवली असेल तर ही कथा सांगायला वेगळी वेळ काढावी लागत नाही. आमच्या घरी आम्ही असे केले की प्रत्येकाने स्वतःचे टोले मोठ्याने मोजायचे आणि दुसऱ्याने तपासायचे नाही. सत्य अणुव्रताची एवढी सोपी उजळणी दुसरीकडे कुठे होणार?

काही जणी म्हणतील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा तीर्थाला न्या. नेतोच. आगाशीला मुनिसुव्रत स्वामींचे दर्शन, शिरसाडचे महावीर धाम, कधी मोठी सुट्टी असेल तर मांगीतुंगी, जिथे २०१६ साली १०८ फुटी ऋषभदेवांची प्रतिष्ठा झाली. पण तीर्थ आणि खेळ यांचा सौदा करू नये असे माझे ठाम मत आहे. "आधी दर्शनाला चला, मग गोल्फला नेते" असे म्हटले की मुलाच्या मनात दर्शन हे कडू औषध आणि गोल्फ ही वरची साखर ठरते. दोन्ही दिवस वेगळे ठेवा. तीर्थाला तीर्थ म्हणून जा, खेळाला खेळ म्हणून. दीपावली आपल्यासाठी भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस आहे. जिनसेनांच्या हरिवंशपुराणात, म्हणजे इ. स. ७८३ मध्ये, दीपालिकेचा उल्लेख आहे. त्या पहाटे निर्वाण लाडू चढवायला मुले आनंदाने उठतात, ती कशाच्याही आमिषाशिवाय. ते तसेच राहू द्यावे.

आता ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी वेळापत्रक. दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे सूर्यास्त साधारण सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी होतो. घरी परत येऊन शांतपणे जेवायचे असेल तर साडेपाचला ताटे मांडली गेली पाहिजेत. म्हणून सगळा बेत उलट बाजूने आखा. सकाळी अकराला पोटभर जेवून निघा. फुलपाड्याहून रिक्षाने स्टेशन, बारापर्यंतची लोकल. त्या वेळी विरारहून बसायला जागा मिळते. दीड ते अडीच खेळ. अडीचनंतर मॉलमध्ये एक मिनिटही थांबायचे नाही, कारण तिथूनच पुढचा खर्च सुरू होतो. तीन-सव्वातीनची परतीची गाडी पकडा. पाचनंतर विरारकडे येणाऱ्या गाडीत मुलांना घेऊन चढणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, हे बहुतेक ठिकाणी असतेच. म्हणूनच जेवून जायचे. गाडीत खायला शंकरपाळी, चकली, चिरोटे असा फराळ आणि घरचे गाळलेले पाणी सोबत ठेवा. फूड कोर्टात बटाट्याच्या कापांवरून वाद घालण्यापेक्षा पोट भरलेले असणे केव्हाही चांगले.

आणखी दोन-तीन गोष्टी. ज्यांचा चश्मा उन्हात आपोआप काळा होतो त्यांनी साधा चश्मा न्यावा, कारण अतिनील दिव्यांखालीही तो काळा होतो आणि मग अंधारात अंधार. साडी नेसायची तर निऱ्या घोट्याच्या वर राहतील अशी नेसा, किंवा सरळ पंजाबी ड्रेस घाला, कारण पट्ट्यांच्या कडा जमिनीपासून उंच असतात आणि पाय अडतो. आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटे दाराशीच उभे राहा. अगदी लहान मूल घाबरत असेल तर हट्ट करू नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पिशव्या कमीत कमी न्या, ज्या असतील त्या काउंटरवर ठेवायची सोय आहे का ते आधी विचारा. नाहीतर सगळा बेत करूनही कोणीतरी बाकड्यावर बसायचेच.

ज्यांना जायचे नाही किंवा एवढा खर्च नको आहे, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. अमेरिकेत १९३० च्या मंदीत लोकांकडे पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी मोकळ्या जागेत जुने टायर, पाइप, पत्र्याचे तुकडे मांडून हाच खेळ स्वतः उभा केला होता. आपल्यालाही जमते. आमच्या नातवंडांनी परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी हॉलमध्ये नऊ पट्ट्या मांडल्या. मोडक्या छत्रीची वाकडी मूठ म्हणजे काठी. प्लंबरने ठेवून गेलेला पाइपचा तुकडा म्हणजे बोगदा. चपलांच्या खोक्याला दोन्हीकडून कापून पूल. पाटाखाली पुस्तक सरकवले की चढ. आडवा ठेवलेला स्टीलचा पेला म्हणजे खळगा. चेंडू त्यात शिरला की 'टण्' असा आवाज येतो, तो मॉलमध्ये येत नाही. खेळायच्या आधी जमीन कोरड्या मऊ झाडणीने झाडून मुंग्या नाहीत ना हे बघायचे काम नातीकडे दिले होते. तिने ते मनापासून केले. घरात अंधार करायची गरज नाही. खिडकीतून येणारे ऊन पुरते.

आणि खरे सांगायचे तर खर्चाच्या मानाने हाच खेळ मला उजवा वाटला. मॉलमधला तास संपला की संपला. घरातला अजून चालू आहे. रोज एक पट्टी बदलते, रोज नवा अडथळा. पण तो सुचला तिथे जाऊन आल्यामुळे, हेही विसरता येत नाही.

तेव्हा मंदिरात विचारणाऱ्या मैत्रिणींना माझे उत्तर असे : जा, पण ठरवून जा, उजेडात परत या, आणि वर्षभरात पुन्हा जाऊ नका. आणि जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एकच विचारा, "तिथे तुला काय करायला मिळेल?" ज्याच्याकडे याचे उत्तर नसेल, तो माणूस पिशव्या सांभाळणार आहे असे समजा. मग जागा बदला. कुठेही जा, पण घरातली आजी, आजचा उपास असलेली सून, नियम घेतलेला मुलगा, ही माणसे मुलांना कडेला बसलेली दिसू नयेत. धर्म पाळणारी माणसेही हसतात, हरतात, टाळ्या वाजवतात, हे मुलांनी डोळ्यांनी बघितले पाहिजे. पाठशाळेत ते शिकवता येत नाही.

तुमच्या घरी सुट्टीत काय ठरले ते जरूर कळवा.

सर्वांना सादर जय जिनेंद्र.